दोन चाचण्यांमधले सहा तास



ज्यांच्या स्मरणार्थ आपण ही व्याख्यानमाला चालवता, त्या सरांच्या हाताखाली मी भूलशास्त्र शिकलो. विद्यार्थ्याने पुस्तकातले वाक्य घडाघडा म्हणून दाखवले की सर त्याला दंडाला धरून खाटेपाशी नेत आणि म्हणत, "आता इथे सांग." म्हणून आज अवयवदानावर बोलताना दधीचीची किंवा शिबीराजाची कथा मी सांगणार नाही. मी बोलणार आहे ते आयसीयूतल्या एका खाटेविषयी, तिच्याभोवती उभ्या असलेल्या डॉक्टर-सिस्टरांविषयी, आणि त्यांना आपण काय शिकवतो नि काय शिकवायचे राहून जाते त्याविषयी. इथे माझ्या व्यवसायातली मंडळी आहेत तितकेच बाहेरचे नागरिकही आहेत. दोघांशीही मी एकाच भाषेत बोलेन.

या विषयात मुंबईचे नाव फार जुने आहे. ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाच्या हृदयाचे पहिले प्रत्यारोपण केले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १९६८च्या फेब्रुवारीत, परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ही शस्त्रक्रिया केली. जगात तोवर हे धाडस मोजक्याच शल्यविशारदांनी केले होते. रुग्ण काही तासच जगला. त्यावेळी शरीराने परके हृदय नाकारू नये यासाठीची आजच्यासारखी औषधे नव्हती, हे खरेच. पण आणखी एक गोष्ट नव्हती. हृदय धडधडत असताना माणूस मृत असू शकतो, हे मान्य करणारा कायदा आपल्याकडे नव्हता. मेंदूच्या मृत्यूचे निकष मांडणारा हार्वर्डच्या समितीचा अहवाल त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे सेनांच्या शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी. आपल्याकडे कायदा यायला १९९४ उजाडले. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातले पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण केले. हा दिवस आता भारतीय अवयवदान दिन म्हणून पाळला जातो. कायदा सर्वात आधी लागू झाला तो महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेशात, १९९५च्या फेब्रुवारीत.

म्हणजे हात सेनांच्या वेळेपासून तयार होते आणि कायद्यालाही आता तीस वर्षे होऊन गेली. तरी २०२३ साली देशभरात मृत्यूनंतर अवयव देणारे दाते होते १,०९९. एकशेचाळीस कोटींच्या देशात दहा लाख लोकांमागे एक दातासुद्धा नाही. स्पेनमध्ये त्याच वर्षी दहा लाखांमागे ४८हून अधिक दाते होते.

त्या वर्षी आपल्याकडे एकूण प्रत्यारोपणे मात्र अठरा हजारांवर झाली. हे अवयव आले कुठून? बहुतांश जिवंत माणसांकडून, घरच्यांकडून. आणि घरच्यांपैकी कोणाकडून, हे पाहायचे असेल तर प्रत्यारोपणाच्या कुठल्याही ओपीडीत तासभर बसावे. नवऱ्याला किडनी हवी असेल तर बायकोचा रक्तगट पहिल्या दिवशीच तपासला जातो. मुलाला हवी असेल तर आई स्वतःहून पुढे येते, तिला कोणी विचारावेही लागत नाही. बायकोलाच किडनी हवी असली की घरात बोलणे लांबते आणि शेवटी "यादीत नाव घालून ठेवू" यावर थांबते. देशभरातही जिवंत दात्यांमध्ये बायका जास्त आणि अवयव मिळणाऱ्यांमध्ये पुरुष जास्त, हेच चित्र आहे. मृत्यूनंतरचे अवयवदान वाढत नाही तोवर हा भार बायकांच्याच कुशीवर राहणार आहे. माझ्या लेखी या विषयाची निकड इथे सगळ्यात जास्त आहे, आणि आमच्या परिषदांमध्ये तिची चर्चा फार कमी होते.

मग दाते कमी का? ठरलेले उत्तर असे, की लोक अंधश्रद्धाळू आहेत, समाजात जागृती नाही. म्हणून आपण रॅली काढतो, शाळेत चित्रकला स्पर्धा घेतो, अवयवदानाची कार्डे भरून घेतो. हे सगळे करावे, मी त्याच्या विरोधात नाही. कार्ड भरणाऱ्याने ती गोष्ट निदान एकदा घरात बोलून दाखवावी, कारण मृत्यूच्या वेळी निर्णय घरचेच घेतात. पण हातात कार्ड घेऊन कोणी दाता होत नाही. दाता होऊ शकणारा माणूस बहुधा अपघातात डोक्याला मार लागलेला असतो किंवा मेंदूत रक्तस्राव झालेला असतो, आणि तो व्हेंटिलेटरवर असतो. त्याचा मेंदू मृत झाला आहे हे कोणीतरी ओळखावे लागते, तपासावे लागते, कागदावर लिहावे लागते आणि घरच्यांना सांगावे लागते. यातली एकही गोष्ट समाजाच्या हातात नाही. चारही आमच्या, म्हणजे आरोग्य व्यवसायातल्या माणसांच्या हातात आहेत. माझ्या अनुभवात नातेवाइकांनी नकार दिल्यामुळे जितके दाते गेले, त्याहून कितीतरी जास्त कोणी तपासलेच नाही म्हणून गेले. संध्याकाळी बुबुळे विस्फारलेली दिसतात, केसपेपरवर "प्रकृती चिंताजनक" असे लिहिले जाते, रक्तदाब घसरत जातो आणि पहाटे हृदय थांबते. कोणी चूक केली असे म्हणता येत नाही. करायला हवे होते ते कोणाला शिकवलेलेच नव्हते.

तपासणी कशी होते, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण भीती सगळी अज्ञानाची आहे. आधी रुग्णाच्या शरीराचे तापमान, रक्तातली साखर आणि क्षार ठीक आहेत ना, झोपेच्या किंवा स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांचा अंमल उतरला आहे ना, याची खात्री करतात. ही खात्री नसेल तर पुढे जायचेच नाही. मग मेंदूस्तंभाच्या, म्हणजे मेंदूच्या बुंध्याच्या, एकेका प्रतिक्रियेची परीक्षा. डोळ्यावर प्रकाश टाकतात, बुबुळ हलत नाही. कापसाचे टोक डोळ्याच्या पारदर्शक पटलाला लावतात, पापणी मिटत नाही. कानात बर्फासारखे थंड पाणी सोडतात, डोळे जागचे ढळत नाहीत. श्वासनळीत नळी घालून खोकला येतो का ते पाहतात. शेवटी श्वासाची चाचणी. आधी भरपूर ऑक्सिजन देतात, मग व्हेंटिलेटर काढून नळीवाटे नुसता ऑक्सिजन सोडत ठेवतात आणि छाती-पोट उघडे करून पाहत उभे राहतात. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब साठ मि.मी.पर्यंत चढू देतात. मेंदूस्तंभात थोडीशीही धुगधुगी असेल तर इतक्याने माणूस श्वास घेणारच. आठ-दहा मिनिटे लागतात. इतकी वर्षे झाली, तरी त्या मिनिटांत मी स्वतः श्वास रोखून उभा असतो.

हे एकदा करून भागत नाही. किमान सहा तासांनी सगळे पुन्हा करायचे. चार डॉक्टरांनी प्रमाणित करायचे, आणि त्यांतला एकही प्रत्यारोपणाच्या चमूतला असता कामा नये. दुसऱ्या चाचणीनंतर जी वेळ लिहिली जाते, ती मृत्यूची वेळ. "अवयव काढून घेण्यासाठी लवकर मेला म्हणून सांगतात," असे ज्यांना वाटते त्यांनी हे ऐकावे. एरवी आम्ही जो मृत्यू जाहीर करतो, त्यासाठी एक डॉक्टर आणि एक स्टेथोस्कोप पुरतो.

आता या दोन चाचण्यांमधल्या सहा तासांकडे येऊ. आजचे व्याख्यान मी त्यांच्यासाठीच घेतले आहे.

या सहा तासांत रुग्णाला जपायचे असते. मेंदू गेला की शरीराचा कारभार सांभाळणारे कोणी उरत नाही. रक्तदाब कोसळतो, अंग थंड पडत जाते. मेंदूतून येणारे एक संप्रेरक बंद होते आणि पाण्यासारखी लघवी सुरू होते. युरोबॅग भराभर भरते. ती नुसती ओतून देणारी सिस्टर आणि तासातासाला मोजून "सर, पाचशे झाली, सोडियम पाठवू का?" असे विचारणारी सिस्टर, या दोघींमध्ये दोन मूत्रपिंडांचा आणि एका यकृताचा फरक असतो. ही गोष्ट मी अतिशयोक्ती म्हणून सांगत नाही. डोळे कोरडे पडू नयेत म्हणून पापण्या मिटवून त्यावर ओला गॉज ठेवणे हेही तिचेच काम, कारण सकाळी तीच बुबुळपटले कोणाच्या तरी डोळ्यात बसणार असतात. अवयवदानाच्या बातमीसोबत शल्यविशारदांचा आणि रुग्णवाहिकेचा फोटो छापून येतो. रात्रपाळीच्या सिस्टरचा मी आजवर पाहिलेला नाही.

याच तासांत आणखी एक गोष्ट घडू शकते. मेंदू मृत असला तरी पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू जिवंत असतो आणि त्याच्या प्रतिक्रिया चालू असतात. बोटे हलतात, क्वचित हात छातीवर उचलला जातो. एका घरातल्या आजी नातवाचा हात धरून बसल्या होत्या. तो हात हलला आणि त्या बाहेर धावत आल्या, "अहो, त्यानं माझा हात दाबला!" त्या आयसीयूत ही शक्यता घरच्यांना आधी कोणी सांगितलेली नव्हती. नंतर कितीही समजावले तरी त्यांच्या मनातून ते गेले नाही, आणि का जावे? त्यांना फसवल्यासारखे वाटले. हलणाऱ्या हाताबद्दल आधी सांगायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे कोणाची जबाबदारी होती, हे त्या रात्री कोणालाच माहीत नव्हते.

आणि बोलणे. आम्हाला बोलायला शिकवलेलेच नाही. आयसीयूच्या दाराशी, एका हाताने दार धरून, आम्ही सांगतो, "आता फक्त मशीनवर आहे." ऐकणारा यातून घेतो, की मशीनवर का होईना, आहे. मग तोच डॉक्टर पुढच्या वाक्यात अवयवदानाचा विषय काढतो. त्या बापाला काय वाटत असेल? जिवंत पोराचे काळीज मागायला आले आहेत, हेच. नकार तिथेच ठरतो, आणि मग आम्ही म्हणतो, समाज मागासलेला आहे. खरी रीत अशी की आधी मृत्यू सांगायचा. बसून, खुर्ची ओढून, "तो गेला" अशा शब्दांत सांगायचा. मग गप्प राहायचे. रडणे, ओरडणे, एखादा काका अंगावर धावून येणे, हे सगळे होऊ द्यायचे. अवयवदानाचे बोलणे वेगळे, नंतरचे, आणि शक्यतो वेगळ्या माणसाने करायचे. त्यासाठीच कायद्याने प्रत्यारोपण समन्वयक नेमायला लावले आहेत. चांगला समन्वयक "देता का?" असे विचारत नाही. तो विचारतो, "तो कसा होता?" आणि तासभर ऐकतो. मोटारसायकलवर फिरणारा, बहिणीच्या लग्नाचे कर्ज फेडणारा, मित्रांसाठी रात्री-अपरात्री धावणारा मुलगा त्या बोलण्यातून समोर येतो. "त्याला हे आवडलं असतं" हे वाक्य बहुधा घरातल्याच कोणाच्या तरी तोंडून येते.

कोणी नाही म्हटले तर? इथे आमच्या डॉक्टरांचे पाय अडखळतात, आणि त्याला कारण आहे. मेंदूमृत्यूची व्याख्या आपल्याकडे प्रत्यारोपणाच्या कायद्यात आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९चा कायदा मृत्यूची वेगळी, जुनी व्याख्या सांगतो. घरच्यांनी दान नाकारले तर व्हेंटिलेटर बंद करायचा का, मृत्यूचा दाखला कोणत्या वेळेचा द्यायचा, यावर कित्येक ठिकाणी डॉक्टरांना उत्तर नसते. मग ते विचार करतात, कशाला मेंदूमृत्यू जाहीर करायचा? न केलेल्या चाचणीवर खटला होत नाही. ही भीती मला समजते; पण तिच्यापोटी वाट पाहणारे रुग्ण मरतात आणि मृताचे नातेवाईक दिवसचे दिवस खोट्या आशेवर आयसीयूचे बिल भरत राहतात. सरकारने ही संदिग्धता दूर करायला हवी, हे मी इथे स्पष्टपणे सांगतो. तोवर मेंदूमृत्यूची प्रत्येक घटना तपासून नोंदवायची, दान होवो वा न होवो, हा शिरस्ता रुग्णालयांनी पाळायला हवा. महाराष्ट्रात २०१२पासून तसा शासकीय आदेशही आहे. आणि घरच्यांना अवयवदानाच्या पर्यायाची माहिती देणे हे २०११च्या दुरुस्तीनंतर डॉक्टरच्या मर्जीवर राहिलेले नाही, ते कर्तव्य आहे.

आता शिक्षणाकडे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी टिकवायची तर डॉक्टरला पाच वर्षांत तीस क्रेडिट तास मिळवावे लागतात. नियम चांगला आहे. रुग्णालयातला राउंड संपवून लोक एखाद्या हॉटेलच्या सभागृहात जमतात, चार व्याख्याने होतात, औषधांच्या नव्या पिढीवर स्लाइड दाखवल्या जातात, जेवण होते, प्रमाणपत्र मिळते. अशा कार्यक्रमांतून मीही शिकलो आहे आणि त्यांत शिकवलेही आहे. पण श्वासाची चाचणी स्लाइडवरून येत नाही. ती हाताने करावी लागते, पहिल्यांदा कोणाच्या तरी देखरेखीखाली. घरच्यांशी बोलणे तर त्याहून कमी येते. त्यासाठी एखाद्याला बाप करून समोर बसवावे लागते, त्याने ओरडावे लागते, आणि तरुण निवासी डॉक्टरने ते ऐकून घ्यावे लागते. असे प्रशिक्षण युरोपात नव्वदच्या दशकापासून चालू आहे. आपल्याकडे चेन्नईच्या मोहन फाउंडेशनने समन्वयकांसाठी ते रुजवले. १९९७ साली डॉ. सुनील श्रॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती संस्था सुरू केली. तामिळनाडूने २००८ साली मेंदूमृत्यू प्रमाणित करणे सक्तीचे केले आणि त्या राज्याचे आकडे पुढे गेले. त्या वाढीमागे सक्तीबरोबर शिकवलेली माणसेही होती. नुसत्या आदेशाने आयसीयूतले कोणीही रात्री दोन वाजता उठून चाचणी करत नाही.

स्पेनचे नाव मघाशी घेतले. तिथल्या कायद्यानुसार नकार दिला नसेल तर संमती धरली जाते, म्हणून दाते जास्त, असे आपल्याकडे पुष्कळ जण समजतात. तो कायदा १९७९चा. त्यानंतर दहा वर्षे आकडे फारसे हलले नाहीत. १९८९ला दहा लाखांमागे १४च होते. त्या वर्षी त्यांनी राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना उभी केली, राफाएल मातेसांथ तिचे प्रमुख झाले, आणि प्रत्येक रुग्णालयात समन्वयक नेमला. हा समन्वयक बहुधा त्याच आयसीयूतला डॉक्टर असतो, अर्धवेळ हे काम करणारा. आयसीयूतल्या मृत्यूंचा आढावा घेतला जातो. मेंदूमृत्यू झाला होता का, ओळखला का, नसेल तर का नाही, एवढेच प्रश्न. दोष देण्यासाठी नव्हे, शिकण्यासाठी. घरच्यांना तिथेही विचारतातच, कायदा काही म्हणो. निरंतर शिक्षण म्हणजे काय, याचा इतका चांगला नमुना मला दुसरा दिसत नाही. स्वतःच्याच वॉर्डातला कालचा मृत्यू समोर ठेवून त्यावर शिकायचे.

हे मोठ्या शहरांपुरते नाही. अपघात महामार्गांवर होतात आणि जखमी पोहोचतो तो सोलापूर, लातूर, नांदेड, कोल्हापूर अशा ठिकाणच्या रुग्णालयात. तिथे प्रत्यारोपण होत नसेल, तरी अवयव काढून पाठवण्याचे केंद्र म्हणून नोंदणी करता येते. मेंदूविकारतज्ज्ञ नसेल तर भूलतज्ज्ञ किंवा आयसीयूचा तज्ज्ञ प्रमाणित करणाऱ्या चौघांत चालतो, ही सवलत कायद्यातच आहे. माझ्या शाखेतल्या तरुणांना मी आवर्जून सांगतो, भूलतज्ज्ञ आता तालुक्याच्या गावांतही पोहोचले आहेत. तेव्हा ही जबाबदारी आपली आहे. अपघात म्हटला की पोलीस आले, पंचनामा आला, शवविच्छेदन आले. अवयवदान असेल तर सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करता येते, असे केंद्राने २०२१च्या नोव्हेंबरात स्पष्ट केले. तरी रात्री एखाद्या ठाण्यातल्या हवालदाराला ते ठाऊक नसते आणि घरचे लोक पोलीस चौकी आणि शवागार यांच्यात हेलपाटे घालत राहतात. हृदय बाहेर काढल्यावर चार-सहा तासच टिकते. ठाणेदारांसाठी अर्ध्या दिवसाचा वर्ग घेणे हाही आरोग्य शिक्षणाचाच भाग मानायला हवा.

आणखी एक खुलासा, कारण दर व्याख्यानानंतर हा प्रश्न येतो. देहदानाचा अर्ज भरला म्हणजे अवयवदान झाले, असे नाही. देहदान घरी झालेल्या मृत्यूनंतरही होते, तो देह शरीररचनाशास्त्राच्या विभागात जातो आणि पहिल्या वर्षाची मुले त्यावर शिकतात. मीही तसाच शिकलो. हृदय, यकृत, मूत्रपिंडे यांच्यासाठी मृत्यू आयसीयूतच व्हावा लागतो. नेत्रदान आणि त्वचादान मात्र घरी झालेल्या मृत्यूनंतरही होते. डोळे सहा तासांच्या आत काढून घ्यावे लागतात, म्हणून लगेच कळवावे लागते. संमती दिल्यानंतर मृताला जपण्याचा खर्च घरच्यांकडून घ्यायचा नाही, असा नियम आहे. कोणी मागितला तर देऊ नका आणि विचारा.

दान झाल्यानंतरच्या दिवसांबद्दल आपण फारच कमी करतो. देह नीट शिवून, स्वच्छ करून, कपडे घालून परत द्यायचा असतो. दाखल्यासाठी घरच्यांना रांगेत उभे करायचे नसते. दहाव्या-तेराव्या दिवसानंतर कोणीतरी फोन करायचा असतो. अवयव कोणाला मिळाला हे सांगत नाहीत, पण त्यांची तब्येत बरी आहे एवढे सांगता येते, आणि ते ऐकायला आई वर्षानुवर्षे थांबलेली असते. असा एक फोन लावताना समन्वयकाची होणारी चलबिचल मी पाहिली आहे. काय बोलावे ते त्यालाही कोणी शिकवलेले नव्हते.

माझी सूचना साधी आहे. या जिल्ह्यातल्या ज्या रुग्णालयांत व्हेंटिलेटर आहेत, त्यांनी दर महिन्याला एकदा, तासभर, आयसीयूतल्या मृत्यूंचा आढावा घ्यावा. डॉक्टर, सिस्टर, समन्वयक, समाजसेवा अधीक्षक आणि बोलावता आला तर पोलीस ठाण्याचा एक माणूस, एवढे लोक पुरेत. त्या तासाला क्रेडिट मिळावे म्हणून वैद्यक परिषदेकडे आणि परिचर्या परिषदेकडे आपण मिळून अर्ज करू. श्वासाची चाचणी हाताने शिकवायला मी येईन, आणि घरच्यांशी बोलण्याच्या सरावात ओरडणारा बाप व्हायलाही येईन. तारीख ठरवून मला कळवा.